शेवरीकड्याची करडी बाजू

धारवळे गाव रिकामं झालं, हे जगात सगळ्यांत आधी सह्यनेत्राला कळलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर गावाचा हिरवा ठिपका निळा झाला आणि त्याच्या शेजारी अक्षरं उमटली: 'वस्ती निर्मनुष्य. कारण अज्ञात.'

"घाडीबाई, तुमचं गाव पळालं की हो!" सिकंदर मुजावर खुर्चीतूनच ओरडला.

कस्तुरी घाडी हसली. कारण अज्ञात म्हणे! तिच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कारण ठाऊक होतं. गावपळण. तीन-चार वर्षांनी एकदा देव रवळनाथ कौल देतो आणि अख्खं धारवळे माणसांसकट, गुराढोरांसकट, कोंबड्या-मांजरांसकट उठून शिवेबाहेर जातं. तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. लोक बाहेर झावळ्यांच्या खोपी घालून राहतात, भजनं म्हणतात, फुगड्या घालतात, तिखटजाळ कालवणं रांधतात. चौथ्या दिवशी देवाने पुन्हा कौल दिला की वाजतगाजत घरी. मध्येच शीव ओलांडून परत यायचं, ही गोष्ट धारवळ्यात कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

"आमचा देव तुमच्या यंत्राला विचारून कौल देत नाही," ती म्हणाली.

"ते खरं. पण तीन दिवस तिथं माणूस नाही म्हटल्यावर गावाची रडारची मिनिटं मोकळी झाली. कुणाला देऊ?"

"आंबोलीकडच्या वाड्यांना द्या." गाव रिकामं आहे, म्हणजे आपल्या माणसांची तीन दिवस चिंता नाही, असं तिला अगदी मनापासून वाटलं. लोक नेमके कुठे जाऊन उतरलेत, हे तिने विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? तिच्या लहानपणापासून गावपळणीला सगळे सड्यावरच जात. उघडा कातळ, वर आभाळ आणि कानात शिरणारा वारा. तिथे दरड कोसळायला डोंगरच नव्हता.

सह्यनेत्र म्हणजे नऊ उपग्रहांचा ताफा. कोल्हापूरच्या या केंद्रातून तो चालवला जात असे आणि त्याची आखणी करणाऱ्या पाच-सहा डोक्यांत कस्तुरीचं डोकं पहिलं होतं. दरडी पडून माणसं गाडली जाण्याला कंटाळलेल्या या मुलखाला फक्त स्वतःच्या डोंगरांवर नजर ठेवणारं काहीतरी हवं होतं. जगभर फिरणारे मोठे उपग्रह ध्रुवांवरून जातात. ते सगळी पृथ्वी बघतात खरे, पण कोकणावर त्यांची फेरी यायला दिवसचे दिवस लागतात. डोंगर काही तोवर थांबत नाही.

कस्तुरीने म्हणून कक्षा कलती ठेवली, विषुववृत्तापासून वीस अंशांच्या आसपास. अशा कक्षेतला उपग्रह वीस अंशांच्या वर चढतच नाही. तिथे पोचला की वळतो, आणि वळताना त्याचा बराच वेळ त्याच अक्षांशांवर जातो. झोपाळा टोकाला गेला की क्षणभर रेंगाळतो ना, तसंच. झोपाळ्याचं ते टोक तिने कोकणाच्या किंचित उत्तरेला आणून ठेवलं. युरोप नाही, दिल्ली नाही, पण आपल्या डोंगरांवर तासाभराच्या आत नऊपैकी कुणी ना कुणी डोकावणारच. रडार असल्यामुळे ढग आणि अंधार यांची अडचण नाही. एकाच उताराकडे दोनदा बघायचं आणि परत आलेल्या लहरी ताडून पाहायच्या, की तो उतार चार मिलिमीटर सरकला तरी कळतं. सरकण्याचा वेग वाढला की पायथ्याच्या वस्तीतले सगळे मोबाइल एकदम भोंग्यासारखे कोकलतात. त्या भोंग्याने दोन पावसाळ्यांत तीन वाड्या वाचवल्या होत्या.

आता यातली मेख. नऊ उपग्रहांत एवढा मुलूख बसवायचा तर रडारने खाली सरळ न बघता तिरपं बघायचं, म्हणजे नजरेचा पट्टा रुंद होतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे तिरपं बघितलं की डोंगराची उत्तरेची बाजू दिसते. दक्षिणेचा उतार फार उभा असेल तर तो डोंगराच्याच सावलीत जातो. उन्हाच्या सावलीत निदान काहीतरी दिसतं, रडारच्या सावलीत शून्य. अशा सावलीतल्या जागी माणसं राहत असतील तिथे केंद्राने जमिनीत यंत्रं पुरली होती. माणसं नसतील त्या जागा नकाशावर करड्या रंगाने रंगवून सोडून दिल्या. तो निर्णय कस्तुरीचाच. चौदा उपग्रहांचे पैसे नव्हते, नवांचे होते, आणि ओसाड कड्यांवर कोण यंत्रं पुरत बसणार? तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी अरबी समुद्रातल्या वादळाने अचानक तोंड फिरवलं. मार्गशीर्षात एवढा पाऊस! सकाळपासून कोकणात धो धो धार लागली, घाट बंद झाले आणि केंद्रात फोन घणघणायला लागले. कस्तुरी आणि मुजावर दोघंही जेवणाचे डबे न उघडताच पडद्यापुढे बसून होते. आंबोलीकडचे दोन ठिपके पिवळे झाले होते, एक भगवा.

दुपारी तीनच्या सुमाराला बाबांचा फोन आला. आत्माराम घाडी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आयुष्यभर फोंडाघाटात गाडी चालवल्यामुळे फोनवरही इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय.

"काय गो, जेवलंस?"

"जेवतंय आता. तुमी बरे आसात मा? सड्यार लय वारो आसतलो."

"सड्यार कोण जाता?" बाबा खुशीत हसले. "औंदा आमी शेवरीकड्याच्या पायथ्याक उतरलो. वारो नाय, व्हाळाचां पाणी बाजूक, कडो पाठीशी. दाजी गावकर कुरकुरत होतो, म्हणता पावसाचा काय खरा नाय. मी म्हटलंय, अरे वाऱ्यात कित्याक मरतास? माझा चेडू वरसून बघता. काय झालाच तर भोंगो वाजतलो. अजून तरी वाजूक नाय, म्हणजे भिया नाय. खरां मा?"

चेडू म्हणजे लेक, ती स्वतः. कस्तुरीने हातातला डबा बाजूला ठेवला.

"मी करतंय फोन," एवढंच ती म्हणाली आणि तिने नकाशावर शेवरीचा कडा मोठा केला. बघायची गरज नव्हती. तो कडा दक्षिणेला तोंड करून भिंतीसारखा उभा होता, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिथे करडा रंग होता. तिने स्वतः निवडलेला, साधा, पुसट करडा रंग, आणि त्याखाली आत्ता साडेतीनशे माणसं भजन म्हणत बसली होती.

मुजावरने तिचा चेहरा बघितला आणि खुर्ची सरकवत जवळ आला. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"एखादा उपग्रह फिरवू या का? दुसऱ्या कुशीवर?"

"फिरवला तर त्याची सौर पाटी सूर्याकडून हटते. बरं, फिरवला. एका नजरेत काय कळणार? आधी कधी बघितलेलंच नाही त्या कड्याकडे. ताडून कशाशी बघू? निदान दोन फेऱ्या लागतील, आणि तेवढा वेळ आंबोलीचा भगवा ठिपका वाऱ्यावर सोडायचा?"

"ते होणे नाही," मुजावर म्हणाला. भगव्या ठिपक्यात त्याचं कुणी नव्हतं, पण तिथेही माणसंच होती. "कलेक्टर ऑफिसला कळवतो. पण रस्ते बंद आहेत, पोचायला त्यांना मध्यरात्र होईल."

मग मुजावर उठला. खिशात हात घालून उभा राहिला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "मी जरा चहा घेऊन येतो. परत येईपर्यंत इथं कुणी काय दाबलं, मला कसं कळणार?"

तो गेला. हाताने भोंगा वाजवायची सोय कस्तुरीच्या पडद्यावर होती. गावाचं नाव निवडायचं, 'उतार सरकत आहे' वर बोट ठेवायचं, संपलं. पाच मिनिटांत सगळं गाव तिथून हललं असतं. धारवळ्यात सरपंचाचं कुणी ऐकत नसे, पण भोंग्याचं ऐकत.

आणि ते का ऐकत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? गेल्या वर्षी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत सॉफ्टवेअरच्या घोळामुळे दोनदा खोटा भोंगा वाजला होता. दोन्ही वेळा लोक भिजत बाहेर आले, डोंगर जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा भोंगा खरा होता. चार घरं अंथरुणातून उठलीच नाहीत. त्या चार घरांची नावं कस्तुरीला पाठ होती. उतार सरकतोय की नाही, हे तिला माहीत नव्हतं. सरकतोय असं सांगणं ही थाप होती. आणि थाप मारली नाही तर? बाप तिथे बसलेला. तिला रडू आलं. ते तिने डोळे पुसून आवरलं आणि फोन लावला.

"बाबानू, मी सांगतंय तां नीट आयका. तुमी बसलात थयला माका कायएक दिसना नाय."

"ढग इले म्हणान?"

"ढगांचा काय नाय. ढग नसते तरी दिसलां नसतां. कड्याची ती बाजू माका कधीच दिसत नव्हती."

"मगे भोंगो वाजना नाय तो?"

"बघूकच नाय तर वाजतलो खयसून?"

पलीकडे प्लॅस्टिकवर पाऊस तडतडत होता. कुणीतरी टाळ कुटत होतं.

"मी साऱ्या गावाक सांगलंय गो," बाबा म्हणाले. "साऱ्या गावाक. माझ्या शब्दार हय इले ते. आणि तू आता सांगतंस?"

"तुमी खय उतरलास, तां मी इचारूक नाय. चूक माझी आसा."

"कडो हलता काय, तां तरी सांग."

"माका ठावक नाय."

"वरसून नऊ नऊ फिरतत, आणि ठावक नाय?" त्यांचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "बरां. मगे भोंगो वाजव. तुका वाजवूक येता मा? वाजव. सगळे उठतले, सड्यार जातले. कोणाक काय इचारूचां नाय."

"बाबा, हलता असा म्हटल्याशिवाय भोंगो वाजना नाय. आणि माका तां ठावकच नाय."

"मगे मी जाऊन काय सांगू? माझ्या चेडवाक दिसना नाय म्हणान?"

"व्हय. तांच सांगा."

"लोक थुकतले माझ्यार."

"थुकूंदेत. बाबा, अर्ध्या तासात लोक उठले नाय, तर मी वाजवतंय. नोकरी गेली तर जाऊंदे. पण आदी खरां सांगून बघा. एकदा खोटो वाजवलंय, तर फुडच्या पावसाक भोंग्यार कोण इस्वास ठेवतलो?"

बाबांनी फोन कट केला नाही. सदऱ्याच्या खिशात टाकला. कापडाची खसखस, पावलांचा चिखलातला आवाज, मग टाळ थांबले. चहा घेऊन आलेला मुजावर दारातच उभा राहिला. कस्तुरीने फोन स्पीकरवर टाकला.

"मंडळी, माझा आयका," बाबांचा आवाज आला. घाटात ब्रेक लावताना प्रवाशांना सांगावं तितका स्पष्ट. "मी तुमका सांगलंय, चेडू वरसून बघता. तां खोटां. म्हणजे चेडू बघता, पण ह्यो कडो तिका दिसना नाय. हयसर भोंगो वाजूचो नाय. कडो पडलो तरी वाजूचो नाय."

गलका उठला. कुणीतरी ओरडलं, "मगे सरकारान वर धाडलानी कित्याक? देवाच्या आरतेक?" हशा पिकला. एका बाईचा आवाज आला, "आत्माराम भावोजी, चुली आत्ता पेटल्यो. पोरां आत्ता निजली." कुणी म्हणालं, "गावात जाऊया, घरां रिकामीच आसत," तर चार जण त्याच्या अंगावर धावून गेल्यासारखे बोलले. कौल मिळेपर्यंत शीव ओलांडायची? रवळनाथाचं बोलणं मोडायचं? बाबा मध्ये बोलायला बघत होते आणि त्यांना कुणी बोलू देत नव्हतं. कस्तुरीचं बोट पडद्याजवळ गेलं.

मग एक म्हातारा, खरखरीत आवाज आला आणि गलका हळूहळू बसला. दाजी गावकर. गावाचा पहिला मानकरी, पायथ्याशी उतरताना पावसाचं नाव घेऊन जो कुरकुरत होता तोच. आता हा म्हातारा बाबांना सोलून काढणार, असं कस्तुरीला वाटलं.

"बा देवा म्हाराजा," दाजींनी देवाला गाऱ्हाणं घातलं.

"व्हय म्हाराजा!" लोक सवयीने म्हणाले.

"तुझ्या शब्दाखातर तुझी लेकरां शीव सोडून भायर इली, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"गाव सोडूक तू सांगलस. खय निजाचां, तां तू सांगूक नाय, रे म्हाराजा. तां आत्मारामान सांगलान, आणि आत्माराम आता म्हणता माका ठावक नाय. जो म्हणता माका ठावक नाय, तेचा आमी आयकतो, रे म्हाराजा. आमका सड्यार सांभाळ."

मग एक-दोन आवाज, आणि मग सगळे: "व्हय म्हाराजा!"

मुजावरने चहाचे कप टेबलावर ठेवले. फोनमधून आता भांड्यांचे आवाज येत होते, गुरांना हाकारणं, कुणाची तरी शिवी, कुणाचं तरी रडणारं पोर. बाबांचा श्वास जवळून ऐकू येत होता. चढाला लागले होते. मग रेंज गेली.

ती संध्याकाळ कस्तुरीने कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. आंबोलीचा भगवा ठिपका लाल झाला, तिथला भोंगा वाजला, खरा वाजला. दोन वाड्या वेळेवर बाहेर आल्या आणि त्यांच्या मागे डोंगराचा एक लचका खाली आला. केंद्रात टाळ्या झाल्या. तिनेही वाजवल्या. धारवळ्याचा फोन सकाळपर्यंत लागला नाही.

सकाळी लागला. सगळे जिवंत होते. सड्यावर वाऱ्याने ताडपत्र्या उडवल्या होत्या, तांदूळ भिजले होते, चुली पेटल्या नव्हत्या. रात्रभर लोक गुरांना खेटून बसून राहिले. एक गाभण म्हैस गारठून मेली. दाजी गावकरांना ताप भरला आणि रस्ता मोकळा झाल्यावर त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं.

आणि शेवरीचा कडा? जागच्या जागी. एक धोंडा घरंगळला नव्हता. पायथ्याशी सोडून आलेल्या खोपीसुद्धा धड उभ्या होत्या. एकीत तर कुणाचं सुकं पांघरूण सापडलं.

पुढचा महिनाभर कस्तुरी केंद्रात भांडत होती. तिची मुख्य मागणी ही होती: जिथे आपल्याला दिसत नाही, तिथे माणूस उभा राहिला की त्याच्या मोबाइलवर तसं यावं. 'इथे आम्ही बघत नाही. भोंगा वाजणार नाही.' संचालकांनी कपाळावर हात मारला. "आपण आंधळे आहोत हे लोकांना सांगायला नऊ उपग्रह सोडले का, मॅडम?" मुजावर तिच्या बाजूने उभा राहिला आणि शेवटी ते झालं. झालं ते असं झालं की पहिल्याच आठवड्यात हजारो मोबाइलवर तो संदेश गेला. करड्या जागांवर मागाहून घरं बांधून आजवर निर्धास्त झोपणारे लोक रात्री उठून डोंगराकडे बघायला लागले. रिसॉर्टवाल्यांनी मोर्चा काढला. एका शाळेने आपली सहल रद्द केली आणि एका बाईने केंद्रात फोन करून कस्तुरीला विचारलं, "आधी तुम्ही गप्प होतात, तेव्हा आम्ही सुखात होतो. हे सांगून तुम्हाला काय मिळालं?"

बाबा मात्र फोनवर बोलत नव्हते. जेवलंस का, हो, ठेवतो, एवढंच. तेव्हा सुट्टी काढून ती धारवळ्याला गेली.

तिठ्यावर उतरल्या उतरल्या तिला कळलं काय चाललंय ते. टपरीवरचा एक जण हसून म्हणाला, "काय गो कस्तुरी, रस्तो दिसता मा तुका?" दुसऱ्याने म्हशीचा विषय काढला. घरी बाबा ओसरीवर बसले होते. तिला बघून उठले, पाणी दिलं, आणि म्हणाले, "चल, जावन येवया."

कुठे, हे तिने विचारलं नाही. दोघं ओढ्याच्या काठाने शेवरीच्या पायथ्याशी गेले. खोपी मोडून पडल्या होत्या. वर कडा उन्हात स्वच्छ उभा होता आणि त्याच्या कपारीत पोपटांचा कलकलाट चालला होता. बाबा मान वर करून खूप वेळ बघत राहिले.

"गावात सगळे हसतत," ते म्हणाले.

"माहीत आसा."

"तेचा काय नाय. हसूंदेत." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "दुसराच एक आसा. कोणाक सांगूक नाय मी. त्या सकाळी सड्यारसून खाली बघलंय. सगळी माणसां माझ्याबरोबर, पोरांटोरां धरून. आणि कडो उभो बघलंय, तेवा माका वाईट वाटलां गो. मनात इला, मेल्या, पडलस कित्याक नाय? पडाक व्हयो होतो. लोकांनी बघूक व्हया होतां, आत्माराम खरां बोललो म्हणान."

ते तिच्याकडे बघत नव्हते. म्हातारपणी बापाला लाज वाटताना बघणं फार वाईट. कस्तुरी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी रोज बघतंय, बाबा," ती म्हणाली. "त्या दिसापासून रोज सकाळी कामार गेल्याबरोबर. दोन उपग्रह ह्या बाजूक फिरवूक लावलंय, भांडून. आता कडो दिसता. आणि रोज आदी काय बघतंय, सांगू? हललो काय, तां. हललो नाय म्हटल्यार माकाय वाईट वाटतां."

बाबांनी एकदम तिच्याकडे बघितलं. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तीही रडली. थोड्या वेळाने त्यांनी पायातल्या चपला काढल्या, कड्यासमोर हात जोडले आणि तिलाही कोपराने ढोसलं.

"जोड गो हात," ते म्हणाले. "आमी म्हटला तां मनार घेव नको रे, बाबा. असोच ऱ्हव."

"व्हय म्हाराजा," कस्तुरी म्हणाली.